न धुतलेला कुंचला

एकदा एक मुलगी सल्ले ऐकून ऐकून पार गोंधळली. शहरातल्या एका नामांकित कला महाविद्यालयात तिची निवड झाली होती. त्या जागेची ख्याती अशी, की तिथून शिकून निघालेल्याला काम शोधत हिंडावे लागत नाही आणि तिथे शिकणाऱ्याला धड झोप मिळत नाही. पहिल्या वर्षापासून खऱ्या ग्राहकांची कामे, ठरलेली मुदत, आणि चुकले की सगळ्या वर्गासमोर कानउघाडणी. आत्या म्हणाली, "शेजारची पोर तिथून रडत परत आली." मामा म्हणाला, "चालून आलेली संधी लाथाडू नकोस." वडील म्हणाले, "तुला वाटेल ते कर," आणि हाच सल्ला तिला सर्वांत जड गेला. गावातच पदवी घ्यावी आणि सवडीने चित्रे काढावीत, ही वाटही मोकळी होती. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपण सांगतो खरे. पण मनालाच काही कळेनासे झाले तर करायचे काय? आणि उत्तर तर त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचे होते.

सकाळीच ती आपल्या गुरुजींकडे गेली. गुरुजी वृद्ध मूर्तिकार. कोकणात गणपती घडतात त्या जागेला शाळा म्हणतात. त्यांच्या शाळेत ती लहानपणापासून रंग कालवत आली होती. दिवस चतुर्थीच्या आदला. गावोगावचे लोक आपापल्या पाटावरचा गणपती न्यायला येत होते आणि गुरुजी शेवटचे काम, म्हणजे डोळ्यांची आखणी, करत बसले होते. तिचे सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "तो कोपऱ्यातला गणपती कुणाचा नाही. त्याचे डोळे काढ. हवा तेवढा वेळ घे."

दुपार झाली तरी त्या मूर्तीला एकच डोळा होता. फार देखणा डोळा, पण एकच. दुसरा त्याच्या तोडीचा उतरेल की नाही या धास्तीने तिचा हात पुढे सरेना.

इतक्यात एक व्यापारी आपला गणपती न्यायला आला. त्याच्या मूर्तीचे तेवढे डोळे राहिले होते. गुरुजींनी आपला कुंचला स्वच्छ धुतला, उभा करून ठेवला आणि मुलीला म्हणाले, "यांचे तू काढ."

"गुरुजी, वर्षाचा देव आहे," व्यापारी म्हणाला. "हिचा हात बसवायला माझाच गणपती सापडला का तुम्हाला?"

गुरुजी पडवीत जाऊन सुपारी कातरू लागले. मुलीला त्यांचा रागच आला. आपण विचारले काय आणि यांनी मांडले काय. पण व्यापारी पाठीमागे उभा होता आणि त्याची गाडी दारात.

"नजर जरा खाली हवी, मोदकाकडे," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आमचा एवढा रागीट नसतो, बाई." तिने ओल्या बोळ्याने एक रेघ पुसली, पुन्हा काढली. शेवटी दोन्ही डोळे झाले. व्यापारी बराच वेळ पाहत राहिला. "डावा किंचित बारीक झालाय," तो म्हणाला, "पण बघतोय हो आमच्याकडे." मग मूर्ती उचलून तो गेला.

मुलगी तरातरा पडवीत आली. "गुरुजी, मी सल्ला मागितला होता. तुम्ही मला तोंडघशी पाडायला निघालात."

गुरुजींनी अडकित्ता खाली ठेवला. "तू जायचे म्हणतेस तिथे असे व्यापारी रोज उभे असतील. सकाळी तुला मोकळीक होती, तेव्हा एक डोळा झाला, अप्रतिम. आता कुणी डोक्यावर बसले होते, तेव्हा दोन झाले, बरे. यातले श्रेष्ठ काय, ते मला विचारू नकोस. आयुष्य गेले, मलाही उमगलेले नाही. त्या महाविद्यालयात तुला काही मिळेल आणि तुझे काही जाईल. काय जाईल ते आज कुणीच सांगू शकणार नाही, तुझी आत्याही नाही आणि मीही नाही. मला फक्त एक पाहायचे होते. माझ्या शाळेचा नियम काय?"

"काम संपले की कुंचला धुतल्याशिवाय जागा सोडायची नाही."

"तू तो कधी मोडलास?"

"कधीच नाही."

"मग तुझ्या हातात काय आहे, बघ."

तिने पाहिले. कुंचला हातातच होता आणि टोकाला काळा रंग अजून ओला होता. एवढ्या टोकाटोकीनंतरही काम संपले असे तिच्या हाताला वाटलेच नव्हते.

मनातला गोंधळ गेला होता असे नाही. शेजारची पोर आठवत होती, झोपेची धास्ती वाटत होती. डावा डोळा बारीक झाल्याची रुखरुख तर होतीच. पण ती आत वळली आणि सकाळपासून एका डोळ्याने वाट पाहणाऱ्या गणपतीसमोर जाऊन बसली. दुसरा डोळा काढून झाला, तेव्हा तिने कुंचला धुतला आणि होकार कळवायला ती घरी गेली.

एखादी वाट आपली आहे का, हे पुष्कळदा वाटेची चौकशी करून कळत नाही; तिच्यावर एकदा दमल्यानंतर आपला हात कुठे जातो, तेवढे पाहावे.