गेनू आणि जेवणानंतरची गोळी

तालुक्यात एवढे न्हावी दिवसभर उभे राहतात, मग शीर आमच्या अण्णाचीच का दबली? हे गेनूने डॉक्टरांना विचारलं, सिस्टरला विचारलं, औषधाच्या दुकानातही विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही. शहाण्या माणसांना कामं फार असतात.

तर हिंगणवाडीत हा भोळा गेनू राहायचा. थोरला भाऊ हिरामण, ज्याला सगळे अण्णा म्हणत, तो गावात दाढी-कटिंगचं दुकान चालवायचा. गेनू तिथे केस झाडायचा आणि सांगितलेलं ऐकायचा. इतकं ऐकायचा, की सांगणाऱ्याला पस्तावा व्हायचा.

अण्णाचा डावा पाय दुधी भोपळ्यासारखा फुगला होता. घोट्याजवळची जखम काही केल्या भरत नव्हती. गावातल्या जाणत्यांनी तिला हळद लावली, चुना लावला, आणि तरी भरेना तेव्हा कुणाची तरी नजर लागल्याचं ठरवून मोकळे झाले. शेवटी शेवंतावहिनीने नवऱ्याला शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, ओटीपोटात शीर दबलीय, पायातलं रक्त वर चढत नाही. शिरेत जाळी बसवू. कापाकापी नाही, टाके नाहीत, मांडीत सुईएवढं भोक. तोवर याला उभं राहू देऊ नका. पाय असाच राहिला तर दुकान विसरा.

गेनूने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अण्णा फिरत्या खुर्चीत बसलेला आणि गिऱ्हाईक त्याच्यापुढे गुडघे टेकून. शिरपातात्यांची अर्धी दाढी होईपर्यंत रस्त्यावरून दोघेजण हात जोडून गेले. त्यांना वाटलं, अण्णाने मठ काढला.

वहिनीने कपाळावर हात मारला. नुसतं बसवून काय होतंय, ती म्हणाली, पाय छातीच्या वर लागतो.

गेनूने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तात्या उरलेली अर्धी दाढी करायला आले. गेनूने त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे पाडली आणि तात्यांचे दोन्ही पाय आरशाखालच्या फळीवर ठेवले. साबणाचा फेस तात्यांच्या नाकात गेला.

“गाढवा, माणसाला हात लावायच्या आधी विचारावं,” तात्या शिंकत म्हणाले. “हो म्हटला तरच लावावा.”

गेनूने मान डोलावली.

जाळी बसली. अण्णा गुंगीत होता. सिस्टरने मांडीवरचा कापसाचा बोळा दाखवला, इथं दाबून धर म्हणाली आणि पलीकडच्या खाटेकडे गेली.

“अण्णा, दाबू का?” गेनूने विचारलं.

अण्णा घोरत होता. गेनू उत्तराची वाट बघत बसला. चादर लाल झाली.

“विचारत काय बसलास?” सिस्टर धावत आली. “दाबायचं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

मग तिची पाळी संपली आणि ती घरी गेली. दुसरी सिस्टर आली, सोड म्हणाली. गेनूने सोडलं नाही, कारण ही ती नव्हती. डॉक्टर सोड म्हणाले. डॉक्टरही ती नव्हते. अण्णा जागा होऊन सोड म्हणाला, मग त्याने विनवलं, मग शिव्या दिल्या. गेनूचा हात तिथेच. सकाळी ती सिस्टर कामावर आली तेव्हा कुठे मांडीची सुटका झाली.

पाय मात्र उतरला. जखमेने कातडी धरली. दसऱ्याला दुकान उघडू, अण्णा वहिनीला म्हणाला. घरी सोडताना डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळीची डबी गेनूच्या हातात दिली.

“चुकवायची नाही. आणि जेवणानंतरच द्यायची, उपाशीपोटी नाही.”

गेनूने मान डोलावली. रोज अण्णाचं ताट उचललं, की गोळी. एकदाही चुकला नाही.

मग नवरात्र बसलं. अण्णाचे नऊ दिवस उपवास असायचे. पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन त्याने गोळीसाठी हात पुढे केला.

“तू जेवलास कुठं?” गेनू म्हणाला.

अण्णाने वहिनीकडे पाहिलं. खिचडी म्हणजे फराळ. फराळाला जेवण म्हणावं, तर उपवास मोडतो. वहिनीने शेजारणीला विचारलं, शेजारणीने शिरपातात्यांना. आमच्या गावाचं एकमत सहसा होत नाही, पण यावर झालं. फराळ म्हणजे जेवण नव्हे. गाव पहिल्यांदाच गेनूच्या बाजूने होतं. अण्णाने त्याची पाठ थोपटली.

“शहाणा झालास की रे.”

वरी झाली, रताळी झाली, राजगिऱ्याचे लाडू झाले. गोळी डबीतच राहिली. नवमीला पाय परत फुगला. सगळे म्हणाले, उपवासाने अंगात वात धरलाय, उद्या पुरणपोळी खाल्ली की उतरेल. दसऱ्याच्या सकाळी अण्णा दुकानाच्या दाराला तोरण बांधायला गेला, छाती धरून पायरीवर बसला, आणि तिथून उठलाच नाही.

जाळीत रक्ताची गुठळी झाली आणि वर छातीत जाऊन अडकली, असं डॉक्टरांनी सांगितलं. नऊ दिवस गोळी का दिली नाही, असं त्यांनी विचारलं.

“जेवण नव्हतं,” गेनू म्हणाला.

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

“अरे, खिचडी काय, केळं काय, सगळं जेवणच. पोटात घास गेला, की लगेच द्यायची गोळी. लगेच.”

गेनूने मान डोलावली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. अण्णाच्या मामांनी दुकान चालू ठेवायचं वचन दिलं. वहिनीने आपल्या पोरीला शिकवीन म्हणून सांगितलं. शिरपातात्या म्हणाले, मी दाढीला दुसरीकडे जाणार नाही. कावळे फांदीवर बसून सगळं ऐकत होते. ऊन चढलं. शेवटी लोक गेनूकडे बघू लागले, पण त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून तो गप्प उभा राहिला.

मग एक कावळा खाली आला, पिंडाभोवती फिरला आणि त्याने भातात चोच घातली. शिवला, शिवला, म्हणत लोकांनी हात जोडले. वहिनीला हुंदका फुटला.

गेनूने खिशातून डबी काढली. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, असा तो त्या कावळ्यामागे नदीकाठाने धावत सुटला.