दुसरं बसकर

“...पण मग तिनं वाचावं म्हणून मी अजून करायचं तरी काय, गुरुजी?”

शशिकांत उभ्यानंच विचारत होता. तालुक्यातल्या शिक्षकांना तो ‘घरच्या घरी वाचन’ शिकवायचा आणि सगळे त्याला मानत. त्याच्या घरी मात्र दुसरीतली रेवा आई गेल्यापासून एकही पुस्तक पुरं करत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

दस्तगीर गुरुजींनी त्याला एके काळी बाराखडी शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओसरीवर मुलांसाठी वाचनालय थाटलं. तिथली एक रीत होती. घरी पुस्तक नेणाऱ्या मुलाला सोबत बसायला दोन बसकरं मिळत, जुन्या लुगड्यांची, धुऊन घडी घातलेली. एक वाचणाऱ्याला, एक ऐकणाऱ्याला.

शशिकांतनं त्यातलं एक पिशवीतून काढलं.

“हे परत घ्या. आता एकच पुरे.”

गुरुजींनी बसकर हातात घेतलं. धुऊन घातलेली घडी जशीच्या तशी होती.

“रेवा हे मांडत नाही?”

“मागच्या खेपेला मांडायची. मांडून आईच्या त्या जागेकडे नुसती बघत बसायची. या खेपेला मी आल्या आल्या कपाटावर ठेवून दिलं.” त्याचा आवाज चढला. “बघून काय आई परत येणार आहे?”

...

“तू कुठं बसतोस?”

“तिच्यासमोर, खुर्चीवर. माझे गुडघे दुखतात. प्रत्येक वाक्याला प्रश्न विचारतो. नवे शब्द, पात्रं, बोध. सगळ्या शाळांत चालते ही पद्धत.”

“आणि घरी?”

शशिकांतनं पिशवीतून पुस्तकही काढून पुढे ठेवलं.

गुरुजींनी चळतीतलं वेगळंच एक बसकर ओढून जमिनीवर टाकलं. रेवानं स्वतः निवडून नेलेलं, पुरं न वाचताच परत आलेलं ते पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि स्वतः खुर्चीवर बसले.

“बस. वाच.”

गुरूचा शब्द मोडवत नाही. शशिकांत कण्हत खाली बसला.

“संध्याकाळी कळप परतला, पण कोकरू मागेच राहिलं...”

“कोकरू म्हणजे काय?”

“मेंढीचं पिल्लू. ...ते कुंपणापाशी उभं राहून आईला हाका मारू लागलं...”

“कुंपणापाशीच का?”

“पुढे येईल ते, गुरुजी. ...पण आईचा आवाज येईना...”

“यातून तू काय बोध घेतलास?”

“अहो, वाचू तरी द्या मला!”

आपण कुणाचं वाक्य बोललो, ते शशिकांतला उमगलं. ते त्याच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, एवढंच.

गुरुजी खुर्चीवरून उठले. भिंतीला धरून, एकेक गुडघा टेकत, आणखी एक बसकर टाकून त्याच्यासमोर खाली बसले. त्यांचं वय शशिकांतच्या दुप्पट होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

“वाच.”

या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. शशिकांत वाचत गेला. अंधार पडला तेव्हा कळपातली एक म्हातारी मेंढी कुंपणापाशी आली. ती कोकराची आई नव्हती. ती नुसती त्याच्याशेजारी उभी राहिली...

तिथं तो थांबला. बायको गेली तेव्हा तो पाहुण्यांची उठबस करत राहिला होता. आज तो रडला.

गुरुजी हलले नाहीत. पाणीसुद्धा विचारलं नाही.

...

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि राहिलेली गोष्ट वाचून संपवली.

“ती गप्पच राहिली तर, गुरुजी? एक अक्षर वाचलं नाही तर?”

गुरुजींनी पुस्तक मिटलं, त्यावर शशिकांतनं आणलेलं ते घडीचं बसकर ठेवलं आणि दोन्ही त्याच्या ओंजळीत दिलं.

शशिकांत पायरीपर्यंत गेला आणि वळला.

“हे परत कधी आणू?”

“घडी मोडली की.”