जयवंतीचा दहा किलो बर्फ

एका बंदरगावात कोळ्यांची एक सोसायटी होती. तिने मोठ्या थाटात कॉम्प्युटर घेतला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. शेजारच्या बंदरांतले लोक वजनाच्या छापील चिठ्ठ्या बघायला येऊ लागले.

कारकून भिवाजी मात्र जुन्या वळणाचा. टोपली तोलली की वजन आधी वहीत लिहायचा, मग कॉम्प्युटरमध्ये घालायचा, मग दोन्ही ताडून पाहायचा. चिठ्ठी निघाल्याशिवाय टोपली लिलावात जात नसे. तोवर मासळी उन्हात. जयवंती कोळणीचे बांगडे रोज मऊ पडत आणि लिलावाऐवजी सुकवायला जात. तिचा जीव तुटायचा.

सभेत अध्यक्ष पांडू तांडेल म्हणाले, "कॉम्प्युटरने फायदाच फायदा झालाय. बर्फघराच्या दुरुस्तीला ठेवलेल्या पैशांतून आणखी एक घेऊ."

जयवंती उठली. "फायदा किती झाला, काका? कुणी मोजला?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला गं?"

सगळे हसले. जयवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती भांडली नाही. "मग मीच मोजते. तोवर खरेदी थांबवा."

दुसऱ्या दिवशी पहिली टोपली तराजूवर चढताच तिने शेजारी उन्हात दहा किलो बर्फ ठेवला. शेवटची चिठ्ठी निघाली तेव्हा उरलेला बर्फ तोलला. चार किलो! आठ दिवस तेच. लोकांनी टिंगल केली, ती हटली नाही.

मग आठ दिवस तिने भिवाजीला नुसती वही लिहायला लावली. बर्फ सहा किलो उरू लागला.

"विका तो डबा!" लोक ओरडले.

"थांबा. आता आठ दिवस नुसता कॉम्प्युटर."

भिवाजीने वही छातीशी धरली. "वही माझ्या आजोबांपासूनची आहे, जयवंतीताई."

"तिची पूजा करा, भिवाजीकाका. फक्त लिहू नका."

भिवाजीने जड मनाने वही मिटली. त्या आठवड्यात बर्फ रोज आठ किलो उरला. जयवंतीचे बांगडे टणक राहून लिलावात गेले.

शेवटच्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः बर्फ दोनदा तोलला. मग खाली मान घालून म्हणाले, "दुसरा कॉम्प्युटर नको. आहे तोच पुरेसा आहे. उद्या बर्फघराचं काम काढा."

तात्पर्य: यंत्राचा फायदा कौतुकाने नव्हे, मोजमापाने ठरतो, आणि जुने काम खाली ठेवल्याशिवाय नवे यंत्र फळत नाही.