ताठ बाजूची सुरी

बांबूला वाचा होती, त्या काळची गोष्ट. लहानू कारागिराने नवं धनुष्य घडवलं आणि दोरी चढवून ओढून पाहिली. खालची बाजू छान वाकली, वरची मात्र ताठच राहिली.

"मी कुणापुढे वाकत नाही," वरची तोऱ्यात म्हणाली.

लहानूने सुरी उचलली तशी खालचीला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण सुरी वरच्या बाजूवरच फिरू लागली.

"अहो लहानूदादा, दुबळी ती आहे. मला का तासता?"

"तुझ्या वाटचंही तिलाच वाकावं लागतंय. ती मोडली, की तू नुसती काठी."

लहानूने वरची तासून पातळ केली आणि दोरी पुन्हा ओढली. दोघी सारख्या वाकल्या आणि बाण सुसाट टेकडीपार गेला. खालची आनंदाने थरथरत होती. तेवढ्यात वरची हळूच म्हणाली, "दादा, अजून एकदा वाकवा ना."