सदोष चकती

“आवडली नाही का, बाई?”

हेरंबने दुसऱ्यांदा विचारलं. परचुरे बाई तळहातावरची चकती बोटाने चाचपत होत्या. रुपयाएवढी, बशीसारखी कडक, दुधासारखी पांढरी.

“किती स्वच्छ केलीस रे...”

हेरंब खुलला. बाईंकडून कौतुकाचा शब्द मिळावा म्हणून तो शिकत असल्यापासून ताटकळत होता. आता तो बाईंच्याच जुन्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला होता, बाई निवृत्त होऊन वाईला राहत होत्या, तरी ती हाव काही सुटली नव्हती.

“तपकिरी पडली होती, बाई. स्पिरिटने पुसली, रंग हटेना. मग सरळ भट्टीत घातली. आता भिंगाखाली बघा, एक डाग सापडणार नाही.”

“तुला फोनवर मी काय सांगितलं होतं?”

“कपाटातली ती सदोष चकती घेऊन ये, म्हणालात. म्हटलं, बाईंना सदोष वस्तू कशी द्यायची?”

बाईंनी उठून खिडक्या लावल्या. टेबलावर अतिनील दिवा आधीच काढून ठेवलेला होता. चकती त्याखाली ठेवून त्यांनी बटण दाबलं.

अंधार होता तसाच राहिला.

बाई वाकून बघत राहिल्या. त्यांची नजर अधू झाली होती, त्यामुळे आपल्यालाच दिसत नसेल, असं त्यांना वाटलं असावं.

“हेरंबा, तुला काही दिसतंय?”

“...नाही.”

“ही चकती उजळायची कशाने, सांग बघू.”

हेरंब वर्गात उभा केल्यासारखा बोलू लागला. “यंत्रातून सुटलेला आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, झोत वेगाने चकतीत शिरतो. तिच्यातले ऑक्सिजनचे अणू जागचे उडवतो. त्या मोकळ्या जागांत इलेक्ट्रॉन अडकून बसतात. वरून अतिनील प्रकाश पडला की त्याच जागा निळसर उजळतात.”

“त्या मोकळ्या जागांना तू वर्गात काय म्हणतोस?”

“दो...”

शब्द त्याच्या तोंडातच राहिला.

“आणि भट्टीत त्यांचं काय होतं?”

“...भरून येतात.”

सगळं त्याला पाठ होतं. परीक्षेत त्याने यावर पैकीच्या पैकी मिळवले होते. पण साहेब झाल्यापासून डाग दिसला की पुसायचा, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक उरलं होतं.

बाईंनी दिवा बंद केला. खिडक्या मात्र उघडल्या नाहीत.

“आमच्या यंत्रातून पहिला झोत निघाला तो हिच्यावर. दामोदर तेव्हा यंत्रावर होता. चकती पहिल्यांदा उजळली तेव्हा तो लहान मुलासारखा नाचला होता... तो गेला. यंत्रही भंगारात गेलं. डोळे आहेत तोवर एकदा तेवढा उजेड बघून घ्यावा, एवढंच मनात होतं.”

हेरंबला रडू कोसळलं. मलाही हे लिहिताना बरं वाटत नाही.

“नवी करून आणतो, बाई. आपलं आताचं यंत्र कितीतरी चांगलं आहे. हिच्यापेक्षा लख्ख उजळेल.”

“उजळेल की.”

“मग उद्याच...”

“ती तुझी असेल, हेरंबा.”

हेरंब खाली मान घालून बसला होता. मग अंधारात त्याचा आवाज आला, कधी नव्हे इतका लहान.

“दोष माझा आहे, बाई.”

बाईंनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि ती पांढरी चकती त्याच्या मुठीत ठेवली.

“आहे खरा... तो तरी भट्टीत घालू नकोस.”