पहिल्या घाण्याचा लाडू

बंदराच्या वाटेवर एका गावात केरबा नावाचा एक घाणेवाला राहत होता. त्या गावात भुईमुगाशिवाय दुसरे पीक नव्हते. भाजीत दाण्याचे कूट, चटणी दाण्याची, लाडूही दाण्याचा. आणि केरबाच्या एकुलत्या एका मुलीला, सगुणाला, दाणा चालत नव्हता. जिभेला नुसता लागला तरी तिचे ओठ सुजत आणि घसा आवळला जाई. तिची वाटी वेगळ्या खुंटीवर फडक्यात बांधून टांगलेली असे.

गावाची एक रीत होती. हंगामाचा पहिला घाणा निघाला की त्याच दाण्यांचा लाडू घाणेवाल्याच्या मुलाने किंवा मुलीने सगळ्यांसमोर खायचा. मगच लोक आपली पोती त्याच्याकडे आणत. केरबाकडे हा लाडू त्याचा पुतण्या खाई. लोक हसत.

"घरची लेक खात नाही, ते तेल आम्ही खायचं होय रे केरबा?" शेजारचा धोंडू दरवर्षी विचारी.

एकदा जहाजातून एक म्हातारा चिनी वैद्य उतरला आणि त्या वाटेने गावात आला. त्याने सगुणाची जीभ पाहिली, दोन्ही मनगटे धरून नाडी पाहिली. मग पेटीतून लाकडासारखी कडक अळंबी, सुकलेली आंबट फळे, दालचिनी आणि काही मुळ्या काढल्या.

"याचा काढा रोज द्या," तो म्हणाला. "यानं काहींना उतार पडलेला मी पाहिला आहे, काहींना पडलेला नाही. हिचं काय होईल, मला माहीत नाही. परत येईन तेव्हा सुईच्या टोकाएवढा कण देऊन मी स्वतः बघेन. तोवर दाणा लांब ठेवा."

सगुणाच्या आईने काढ्यासाठी नवे मडके आणले. सगुणा नाक दाबून काढा पिई आणि म्हणे, "आई, याच्यापुढे कारलंसुद्धा जिलबी वाटतं गं!"

पावसाळा सरला. पूर्वी घाण्याजवळून गेले तरी सगुणाच्या अंगावर गांधी उठत. आता उठत नव्हत्या. केरबा ज्याला त्याला सांगू लागला, "माझी पोर बरी झाली."

"अहो, वैद्यबुवा तसं म्हणालेले नाहीत," बायको म्हणाली.

"मला डोळे आहेत," केरबा म्हणाला.

पहिल्या घाण्याचा दिवस आला. सारे गाव अंगणात जमले. धोंडू ओरडला, "पुतण्याला बोलवा रे! लेक बरी झालीय म्हणे, पण लाडू पुतण्यालाच!"

केरबाने सगुणाला पुढे ओढले. आई धावली, पण मध्ये गर्दी होती.

"बाबा, वैद्यबाबा अजून हो म्हणाले नाहीत ना?" सगुणाने हळूच विचारले.

"एवढासा घास. मी आहे ना."

"मग माझा हात धरा."

केरबाने हात धरला. सगुणाने घास खाल्ला आणि ती हसली. "गोड आहे," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोंडूने केरबाच्या घाण्यावर द्यायला स्वतःचे पोते खांद्यावर घेतले.

मग सगुणाचे ओठ सुजू लागले. ती खोकली. बोलायला गेली, पण शब्द आला नाही. आई पोचेपर्यंत तिचे डोळे मिटले होते. केरबाने हात सोडला नव्हता.

काही दिवसांनी वैद्य आला. त्याच्या हातात एक लहानशी डबी होती. आत दाण्याचा एकच कण होता, दिसेल न दिसेल एवढा. दारात काढ्याचे मडके उपडे घातलेले पाहून त्याने डबी मिटली.

केरबा त्याच्या अंगावर धावून गेला. "तुमचं औषध खोटं होतं!"

"असेल," वैद्य म्हणाला. "किंवा खरं असेल आणि अर्ध्या वाटेवर असेल. आता ते कधीच कळणार नाही. तुलाही नाही, मलाही नाही."

वैद्य बंदराकडे निघून गेला. केरबाने घाण्याचा बैल सोडून दिला. लोक आपली पोती घेऊन धोंडूच्या मेहुण्याच्या घाण्यावर जाऊ लागले. तिथे पहिला लाडू त्याची मुलगी खाते. रीत अजून चालू आहे.

तात्पर्य: थोडा उतार म्हणजे बरे होणे नव्हे. आपली आशा खरी की खोटी, हे दुसऱ्याच्या जिवावर पारखू नये.