खेमिकेचा ‘थांबा’

पूर्वी रोहितपुरात राजा सुबाहू राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी वैद्यकुळात जन्म घेतला होता. नगराच्या आरोग्यशाळेचे ते प्रमुख होते. त्यांच्या हाताला यश आहे, असे लोक म्हणत.

एकदा एक तरुण कुंभार तापाने फणफणून शाळेत आला. बोधिसत्त्वांच्या एका शिष्याने अतिविषाची मुळी समजून त्याला बचनाग दिला. दोन्ही मुळ्या वरून सारख्या दिसतात. पहिली ताप उतरवते, दुसरी जीव घेते. कुंभार गेला.

औषधे कुटणारी खेमिका रडत बोधिसत्त्वांकडे आली. “वैद्यराज, मला शंका आली होती. पण शिकलेल्या वैद्यांपुढे मी काय बोलणार?”

बोधिसत्त्वांचे डोळे भरून आले. “तुला बोलायची भीती वाटावी, अशी शाळा मी चालवली. दोष माझा.”

दुसऱ्या दिवसापासून नवा रिवाज सुरू झाला. औषध देण्याआधी रोग्याचे नाव, रोग आणि औषध मोठ्याने सांगायचे. मुळी मोडून आतला रंग पाहायचा. शंका आली तर कोणीही ‘थांबा’ म्हणायचे, आणि ते ऐकताच वैद्याने हात आवरायचा. काही जुने वैद्य हसले. पण त्या वर्षी आपल्या पायांनी घरी परतणारे रोगी इतके वाढले, की हसणारेही मोठ्याने नावे सांगू लागले.

मग राजालाच ताप चढला. बोधिसत्त्व खेमिकेला आणि एका शिष्याला घेऊन धावतच राजवाड्यात पोहोचले. राजाचे अंग तापाने फणफणत होते, राणी आक्रोश करीत होती. त्या घाईत बोधिसत्त्वांनी वाड्याच्या कोठारातली मुळी न मोडताच उगाळली आणि वाटी राजाच्या ओठांजवळ नेली.

“थांबा!”

दरबार हादरला. सेनापतीने तलवार उपसली. “राजाचे औषध अडवतेस?”

खेमिका मागे हटली नाही. “मुळी मोडली नाही, वैद्यराज!”

बोधिसत्त्वांचा हात जागच्या जागी थांबला. शेजारी उभा असलेला शिष्य कुजबुजला, “गुरुजी, तीच चुकली म्हणा. मुळी आपण गुपचूप बदलू. तुमची अब्रू राहील.”

बोधिसत्त्वांनी वाटी खाली ठेवली आणि उरलेला तुकडा सर्वांसमोर मोडला. अतिविष आतून पांढरे असते. हा तुकडा तपकिरी निघाला. बचनाग!

“महाराज,” ते स्पष्ट आवाजात म्हणाले, “आज माझ्या हातून आपला जीव गेला असता. हिने वाचवला.”

राजा क्षीण आवाजात म्हणाला, “सेनापती, तलवार म्यान करा. वैद्यराज, दुसरी मुळी आणा. औषध मी तुमच्याच हातून घेईन.”

तिसऱ्या दिवशी राजा उठून बसला. त्याने पहिली आज्ञा दिली, ती हा रिवाज राज्यातल्या प्रत्येक आरोग्यशाळेत नेण्याची. गावोगाव लोकांनी तोरणे बांधून या रिवाजाचे स्वागत केले.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज या विहाराला औषधे पुरवणारा उपासक. खेमिका म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारी ही भिक्खुणी. आणि तो वैद्य मी होतो. दुसऱ्याच्या जिवापुढे स्वतःचा मान बाजूला ठेवून खरे बोलणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.”